न हसणारा बडग्या

"तुमच्या वडिलांची ऑपरेशनला संमती नाही," डॉक्टर खोब्रागडे म्हणाल्या.

"ते काल दुपारपासून बेशुद्ध आहेत," मी म्हटलं. "संमती नाही असं सांगितलं कुणी?"

"कौलनं."

मी गणित शिकवते. बावीस वर्षं नागपुरातल्या एकाच शाळेत आहे, आणि 'हो की नाही, एका शब्दात सांग' हे माझं वाक्य मुली माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणतात हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी डॉक्टरांनाही तेच विचारलं. बाबा वाचतील, हो की नाही?

"ऑपरेशन झालं तर बहुतेक हो. मेंदूच्या वर रक्त साचलंय. दोन-तीन आठवड्यांपूर्वी डोक्याला मार लागला असणार, हळूहळू साचत गेलं. कवटीला छोटं भोक पाडायचं आणि ते काढायचं. तासाभराचं काम आहे. पण आज संध्याकाळच्या आत व्हायला हवं, आणि कौल नाही म्हणत असताना मी हात लावू शकत नाही."

त्यांच्यावर रागावण्यात काही अर्थ नव्हता. मी रागावलेच.

कौल म्हणजे एक यंत्र. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी कायदा आला. रुग्ण बोलू शकत नसेल तर त्याची इच्छा काय असती, हे ठरवायला पूर्वी नातेवाईक असायचे. एक म्हणायचा करा, दुसरा म्हणायचा नको, आणि शेवटी मार डॉक्टर खायचे. आता त्या माणसानं आयुष्यभर जे काही ऑनलाइन लिहिलं, बोललं, ते कौल वाचतो आणि सांगतो की हा माणूस शुद्धीवर असता तर काय म्हणाला असता.

सुरुवातीला कौल थट्टेला फसायचा. शब्द तेच असतात ना! 'वा, काय रस्ता केलाय' असं खड्ड्यात पडलेला माणूसही म्हणतो आणि तो रस्ता करणारा कंत्राटदारही म्हणतो. म्हणून संशोधकांनी शब्दांचा नाद सोडला आणि माणसाची चिकाटी मोजायला घेतली. थट्टा करणारा लवकर कंटाळतो. मध्येच डोळा मारतो, हसरा चेहरा चिकटवतो, आठवड्यानं विषय बदलतो. मनापासून मानणारा मात्र तेच ते, त्याच सुरात, वर्षानुवर्षं सांगत राहतो, आणि दरवेळी नवा तपशील घालतो. लाखो माणसांवर हे तपासलं. शंभरात चौऱ्याण्णव वेळा उत्तर बरोबर आलं. उरलेल्या सहांची कुणी फारशी चौकशी केली नाही.

"सत्त्याण्णव टक्के," डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. "अकरा वर्षं, चार हजार बारा पोस्ट. डॉक्टर, औषध आणि ऑपरेशन यांच्याविरुद्ध. मी एवढा ठाम रुग्ण पाहिला नाही."

"अहो, तो बडग्या आहे!" मी ओरडले.

डॉक्टर मूळच्या नागपूरच्या. त्यांना बडग्या सांगायला नको होता, पण पडद्याला कोण सांगणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती निघतात आणि त्यांच्याबरोबर बडगे. बांबू, कागद आणि चिंध्यांचे मोठाले पुतळे. वर्षभरात जे जे वाईट नजरेस आलं त्याचा बडग्या करायचा, त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची, गावभर मिरवायचा आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा. पाटीवर बडग्या स्वतः बोलतो. म्हणजे लाचखाऊचा बडग्या असेल तर तो लाचेचे फायदे सांगतो, आणि लोक पोट धरून हसतात.

माझे बाबा, सेवकराम निमजे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या मंडळाच्या बडग्याची पाटी तीस वर्षं त्यांनी लिहिली. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते लहानपणापासून मला ऐकवत आले. "बडग्यानं हासायचं नसते. हासायचं ते लोकाईनं. बडग्या हासला का मेला."

मग एका वर्षी साथीमुळे मिरवणूक निघाली नाही. त्या वर्षीचा बडग्या होता अंगारेबाबा, डॉक्टरकडे जाऊ नका म्हणून सांगणारा. पुतळा घरातच राहिला, तर बाबांनी त्याच्या नावानं एक पान उघडलं. 'ताप आला तर थर्मामीटर उन्हात ठेवा. त्याला चढला की तुमचा उतरेल.' 'एक्स-रे काढू नये. हाडांना उजेडाची सवय नसते.' 'पाय मोडला तर अंगारा दुसऱ्या पायाला लावा, म्हणजे तो सावध राहील.' रोज एक. आमच्या आळीत सकाळी चहाबरोबर लोक तेच वाचायचे. कागदाचा बडग्या संध्याकाळी जळून जायचा. हा रोज सकाळी उठून बोलायला लागला, आणि हळूहळू त्याला आमच्या आळीबाहेरचे, मिरवणूक कधीही न पाहिलेले साठ हजार लोक वाचायला लागले.

"दुपारी दोन वाजता तपासनीस येतील," डॉक्टर म्हणाल्या. "थट्टा होती याचा पुरावा आणा."

* * *

तीस वर्षांच्या पाट्या आणल्या असत्या तर काम झालं असतं. पण पाट्या बडग्याबरोबर जळतात. दरवर्षी पुरावा जाळायचा, हीच आमची रीत.

घरी मंडळाचे मोतीरामकाका दारातच बसले होते. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. मी त्यांना विचारलं, बाबा पडले कधी?

"सांगाड्याचा बांबू बांधत होता, स्टुलावरून पडला. वीसेक दिवस झाले," काका मान खाली घालून म्हणाले. "मी म्हणलं, सेवक, दवाखान्यात चाल. तर म्हणे, लोक पाहून राहिले ना बे. बडग्या दवाखान्यात दिसला तर कसं?"

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मले वाटलं, गंमत करून राहिला."

मी बाबांचं पान उघडलं. वीस दिवसांपूर्वीचा फोटो होता. बाबांच्या कपाळावर टेंगूळ, त्यावर अंगारा फासलेला, चेहरा दगडासारखा. 'स्टुलावरून पडलो. अंगारा लावला. स्टूल बरं आहे.' मी त्या दिवशी शाळेत ते वाचून हसले होते. टेंगूळ त्यांनी रंगवलेलं असणार असं मी धरून चालले होते, पेंटरच ते.

खुंटीवर त्यांचा सदरा होता. खिशात अंगाऱ्याची पुडी सापडली, अर्ध्याहून अधिक संपलेली.

एका फोटोला चिमूटभर पुरतो. मग बाकीचा गेला कुठे? माणूस थट्टेसाठी डोकं फुटलेलं असताना डॉक्टरकडे जायचं टाळतो का? आणि टाळत असेल, तर त्याच्यात आणि मनापासून अंगारा लावणाऱ्यात फरक काय राहिला? मी खाटेवर बसून विचार केला आणि मला उत्तर येईना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

* * *

तपासनीस देवतळे साठीचे होते. दर दोन वाक्यांनी चष्मा पुसायचे. दवाखान्याच्या छोट्या खोलीत ते, मी, आणि एक पन्नाशीची बाई. कौल रुग्णाशी सर्वांत जास्त पत्रव्यवहार असलेल्या माणसाला साक्षीला बोलावतो. त्या उमरेडहून आलेल्या रेखाताई वाघाडे होत्या. त्यांनी येताना बाबांसाठी अंगारा आणला होता.

"यंत्राच्या मते चार हजार बारांपैकी एकच पोस्ट थट्टेची आहे," देवतळे म्हणाले आणि त्यांनी ती वाचून दाखवली. "'मी सेवकराम निमजे, पेंटर. या पानावरचं सगळं खोटं आहे. आजारी पडलात तर डॉक्टरकडे जा. गोळ्या घ्या. मला माफ करा.'"

मला ती आठवत होती. आठ महिन्यांपूर्वीची. खाली लोकांनी शेकड्यांनी हसरे चेहरे टाकले होते. मी बाबांना विचारलंही होतं, नियम का मोडलात? 'असंच,' एवढंच ते म्हणाले होते आणि दोन दिवस धड जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी बडग्या पुन्हा बोलायला लागला.

"अहो, तेवढी एकच तर खरी आहे!"

"यंत्राचं म्हणणं उलट आहे. वेगळा सूर, एकदाच, पुन्हा कधी नाही. थट्टेची सगळी लक्षणं." त्यांनी चष्मा पुसला. "बाई, मला सांगा, तुमच्या वडिलांचा अंगाऱ्यावर विश्वास आहे का?"

हो की नाही, एका शब्दात. माझ्या खिशात ती अर्धी पुडी होती.

"त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंय," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी. गुपचूप."

"ते यंत्राला माहीत आहे. उलट त्या ऑपरेशननंतर त्यांचं मत जास्तच पक्कं झालं असं दिसतं. नंतरचे सहा आठवडे पाहा. अठ्ठ्याण्णव टक्के. अकरा वर्षांतलं सर्वांत प्रामाणिक लेखन."

ऑपरेशननंतर बाबांना फोनकडे बघायची मनाई होती. ते सहा आठवडे पान मी चालवलं होतं. रात्रंदिवस त्यांच्या तोंडून ऐकलेला तो सूर मला सहज जमला, आणि खरं सांगते, मला मजा आली. माझ्या फोनच्या वहीत सगळे कच्चे खर्डे तारखांसकट होते. म्हणजे पुरावा माझ्या हातातच होता! मी फोन काढला, तोंड उघडलं, आणि त्याच वेळी रेखाताई बोलायला लागल्या.

"साहेब, मी सांगू का? निमजेबाबाईचं खरं होतं. आमच्या ह्यांची शुगर लई वाढली होती. बाबाईनं लिहिलं होतं, साखरेचा डबा उलटा ठेवा, गोडी वरतून खाली उतरते. आमी ठेवला. गोळ्या बंद केल्या. पण आमाले उशीर झाला जी. वाचलं तवा ठेवला असता तर हे आज असते. मागल्या साली मी बाबाईले भेटून सांगितलं का तुमचा दोष नाही, आमीच उशिरा ठेवला. त्याईनं दुसऱ्या दिवशी ते माफीचं लिहिलं. आमची परीक्षा पाहून राहिले होते."

साखरेचा डबा माझा होता. दुसऱ्या आठवड्यातला, मंगळवारचा. स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता सुचला होता.

बाबांना माहीत होतं. ती बाई दारातून गेल्यावर त्यांनी तारीख पाहिली असणार, डबा कुणाचा ते त्यांना कळलं असणार, आणि त्यांनी माझ्याजवळ चकार शब्द न काढता स्वतःच्या नावानं माफी मागितली होती. मला फोन परत खिशात ठेवता आला असता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि दोन खोल्या पलीकडे बाबांच्या डोक्यात रक्त साचत होतं.

"रेखाताई," मी म्हटलं, "तो डबा मी लिहिला. बाबांनी नाही. ती थट्टा होती. त्यात काहीही खरं नव्हतं. तुमच्या यजमानांना गोळ्या हव्या होत्या." आणि फोन देवतळ्यांसमोर ठेवला.

मी रेखाताईंकडे पाहायचं ठरवलं होतं, म्हणून पाहिलं. त्या मारतील, रडतील, काय करतील ते करोत. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बापासाठी लेकीले खोटं बोला लागते," त्या म्हणाल्या. "मी नाही रागावत, बाई."

"मी खोटं बोलत नाहीये!"

"हो, हो," त्या म्हणाल्या, आणि मला पाणी दिलं.

देवतळे खर्डे वाचत होते. त्यांनी ते यंत्राला दाखवले, यंत्रानं तारखा तपासल्या आणि मान्य केल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावरच ठेवला. "म्हणजे हे सहा आठवडे तुमचे. आता यंत्र म्हणतंय की शस्त्रक्रियेला तुमचा विरोध आहे. एक्क्याण्णव टक्के."

"आणि मी तुमच्यासमोर शस्त्रक्रिया मागते आहे."

"तेच म्हणतो मी." त्यांनी एक कागद पुढे ओढला. "यंत्र या पानाबाबत चुकतं, एवढं मी लिहीन. पण तुमचे वडील काय मानतात हे त्यातून कळत नाही. त्याबद्दल तुम्हाला सही करून द्यावी लागेल."

कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांचा या मजकुरावर विश्वास नाही हे मी खात्रीनं जाणते.' खात्री नव्हती. पुडीतला निम्मा अंगारा कुठे गेला ते मला अजूनही माहीत नव्हतं. मुलींनी असं अंदाजानं उत्तर लिहिलं की मी शून्य देते. मी सही केली, आणि बाबांना पावणेपाच वाजता आत नेलं.

* * *

तिसऱ्या दिवशी बाबा बोलले. चेहऱ्याची डावी बाजू अजून सुन्न होती, ती महिन्याभरात सुधारेल असं डॉक्टर म्हणाल्या. मी मऊ भात भरवत होते.

"बाबा, अंगारा का लावलात?"

"लावून पाह्यला."

"म्हणजे थट्टा होती की खरंच?"

"म्हणजे लावून पाह्यला."

"पुडी अर्धी संपलीय. हो की नाही, एका शब्दात सांगा. विश्वास होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा ओठ जरासा वर गेला, डावा जागच्या जागीच होता. ते हसले असतील, नाहीतर फक्त घास गिळला असेल.

"बाबा, डबा माझा होता. तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"बडग्या कोनं बांधला हे कोनी विचारत नाही," ते सावकाश म्हणाले. "नाव मंडळाचं असते. तू काऊन रडून राहिली?" मग माझा चमचा बाजूला सारत, "त्या बाईकडं जाजो एकदा. म्या खरं सांगून पाह्यलं. मले नाही जमलं."

* * *

महिन्याभरानं मी उमरेडला गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती. साधी, सरळ, दोन दुणे चार अशी. रेखाताईंनी मला आत बसवलं आणि चहा टाकला. फळीवर साखरेचा डबा उलटा होता. त्यांनी तो काळजीपूर्वक सुलटा केला, दोन चमचे साखर काढली, पुन्हा उलटा ठेवला. त्याच्या बाजूला गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या होत्या, एकही न फोडलेल्या.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्याच. मलेही शुगर निघाली. सरकारी दवाखान्यातल्या बाईनं देल्या. पण म्या डबा येळेवर ठेवला आता. उशीर नाही केला."

मी माझी वाक्यं म्हटली. सगळी. रडले, हात जोडले, बाबांच्या माफीची पोस्ट पुन्हा वाचून दाखवली. रेखाताईंनी प्रेमानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तुमाले दवाखान्यात त्या साहेबानं असंच बोलाले लावलं होतं. आता कायले घाबरता? इथं कोनी नाही."

मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. मग त्या चहाचा कप पुढे करत होत्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात थरथरतोय, आणि मला इतकी भीती वाटली की मी कप घ्यायचंच विसरले.

मी पाठ ताठ केली. चेहरा दगडासारखा केला.

"रेखाताई, डबा तुम्ही चुकीचा ठेवलाय," मी म्हटलं. "बाबांनी मला मुद्दाम त्यासाठी पाठवलंय. नुसता उलटा ठेवून गुण येत नाही. गोळ्यांची पट्टी डब्याखाली ठेवायची. रोज डबा उचलायचा, एक गोळी घ्यायची, मग डबा पुन्हा वर. गोळी पोटात गेल्याशिवाय गोडी खाली उतरत नाही. आणि दर महिन्याला रक्त तपासून तो कागदही डब्याखालीच ठेवायचा. एक दिवस चुकला तर सगळं पहिल्यापासून."

रेखाताईंच्या चेहऱ्यावरचं ते समजूतदार हसू गेलं. त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या, पदर सावरला. "हे बाबाईनं पानावर काऊन नाही लिहिलं?"

"सगळ्यांना सांगायचं नसतं."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं. "जेवणाआधी का नंतर?"

मी पट्टी उचलली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. "नंतर."

"माझं जेवण झालं," त्या म्हणाल्या, आणि उठून डबा उचलला. मी त्यांना पाण्याचा पेला भरून दिला. त्यांनी गोळी गिळली, डबा पट्टीवर नीट ठेवला आणि बरोबर आहे ना, म्हणून माझ्याकडे वळून पाहिलं.

मी हसले नाही.